टँझनाइट: गोकर्णाच्या रंगाच्या खड्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचा व्यवसाय खड्यांचा. गेली काही वर्षं माणिक-पाचूच्या खालोखाल सगळ्यांत जास्त प्रश्न येतात ते टँझनाइटबद्दल, आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त. काउंटरवर आणि फोनवर विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. जिथे सांगण्यासारखं होतं तिथे हात आखडता घेतलेला नाही.

टँझनाइट हा नीलमचाच एक प्रकार आहे का?

नाही. नीलम हा कुरुंद या खनिजाचा प्रकार, म्हणजे माणकाचा सख्खा भाऊ. टँझनाइट हे वेगळंच खनिज आहे. त्याचं शास्त्रीय नाव झोइसाइट. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचं हे संयुग. ते शुद्ध असतं तेव्हा त्याला म्हणण्यासारखा रंग नसतो. व्हॅनेडियम या धातूचा अंश मिसळला की निळा-जांभळा रंग येतो.

झोइसाइट तसं जुनं. ऑस्ट्रियातल्या साउआल्पे डोंगरात ते सापडलं आणि 1805 साली वर्नर या खनिजशास्त्रज्ञाने त्याला झिग्मंड झोइस या स्लोव्हेनियातल्या उमरावाचं नाव दिलं. पण तेव्हाचं झोइसाइट म्हणजे करडे, मळकट दगड. दागिन्यात बसवावं असं त्यात काही नव्हतं. या खनिजाची दोन भावंडं तुमच्या पाहण्यात असतील: गुलाबी रंगाचं थुलाइट, आणि हिरव्या दगडात माणकाचे लालसर ठिपके असलेलं रुबी-झोइसाइट. रुबी-झोइसाइटचे कोरलेले गणपती बाजारात सर्रास मिळतात. त्या गणपतीचं आणि टँझनाइटच्या अंगठीचं गोत्र एकच, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही.

रंग निळा म्हणायचा की जांभळा?

दोन्ही, आणि यात काही टाळाटाळ नाही. कुंपणावरचं गोकर्णाचं फूल आठवा. ते सावलीत निळं दिसतं, उन्हात धरलं की त्याच्या कडेला जांभळी झाक येते. चांगल्या टँझनाइटचा रंग मी नेहमी गोकर्णावरूनच समजावतो, ‘रॉयल ब्लू’ वगैरे म्हणण्यापेक्षा ते लवकर कळतं.

कारण असं की या स्फटिकात प्रकाश वेगवेगळ्या दिशांनी शिरला की वेगवेगळा रंग दाखवतो. कच्चा, न तापवलेला स्फटिक तीन दिशांनी पाहिला तर एका बाजूने निळा, दुसरीने जांभळा आणि तिसरीने तपकिरी किंवा पिवळट हिरवा दिसतो. तापवल्यावर तपकिरी जातो, निळा आणि जांभळा उरतात. खडा बोटांत धरून हळूहळू फिरवा, रंग सरकताना दिसेल.

त्यात दिव्याचाही हात आहे. दिवसाच्या उजेडात आणि पांढऱ्या ट्यूबखाली टँझनाइट निळ्याकडे झुकतो, पिवळ्या बल्बखाली जांभळ्याकडे. म्हणून दुकानातल्या एकाच प्रकारच्या दिव्याखाली पाहून खडा पसंत करू नका. दारापाशी या, दिवसाच्या उजेडात बघा, मग आत पिवळ्या दिव्याखाली बघा. घरी गेल्यावर ‘अहो, हा तर वेगळाच रंग दिसतोय’ असा फोन येतो, त्यातले निम्मे फोन याने वाचतील.

हा सापडतो कुठे?

टांझानियात. दागिन्यासाठी विकला जाणारा टँझनाइट येतो तो फक्त तिथूनच. उत्तर टांझानियात मेरेलानी नावाच्या टेकड्या आहेत, किलिमांजारो विमानतळापासून फार लांब नाहीत. खाणीचा सगळा पट्टा अवघा काही किलोमीटर लांब आणि त्याहून बराच अरुंद. पुण्याच्या एका उपनगराएवढी जागा म्हणा. जगभरच्या अंगठ्या-कुड्यांतला टँझनाइट तेवढ्या तुकड्यातून निघालेला आहे.

तिथला खडक ग्रॅफाइटने भरलेला, काळाकुट्ट. खाणीतून वर येणारी माणसं काजळात बुडवून काढल्यासारखी दिसतात. साधारण 58 कोटी वर्षांपूर्वी, पूर्व आफ्रिकेतले भूखंड एकमेकांवर दाबले जात असताना, प्रचंड उष्णता आणि दाबाखाली हे स्फटिक तयार झाले. चुनखडीतला कॅल्शियम आणि गाळाच्या खडकातला व्हॅनेडियम एकाच जागी भेटणं हा योगायोग होता. तोच योगायोग दुसरीकडे पुन्हा घडल्याचं अजून कुणाला आढळलेलं नाही.

शोध एका गोवेकर शिंप्याने लावला, हे खरं का?

हा प्रश्न मला फार आवडतो, आणि उत्तर ‘बहुतांशी हो’ असं आहे.

उत्तर टांझानियातल्या अरुशा या गावात मॅन्युएल डिसूझा नावाचे गृहस्थ राहत. मूळचे गोव्याचे, व्यवसायाने शिंपी. पूर्व आफ्रिकेत तेव्हा गोव्यातले पुष्कळ लोक कारकून, आचारी, शिंपी म्हणून गेलेले होते, त्यातलेच हे एक. पण डिसूझांना खनिजं शोधण्याचा नाद होता. सुट्टी मिळाली की ते डोंगर पालथे घालायला निघत. जुलै 1967 मध्ये मेरेलानीच्या भागात त्यांना जमिनीवर निळे पारदर्शक तुकडे दिसले. सुरुवातीला त्यांना ते ऑलिव्हिन नावाचं खनिज वाटले, मग दुसरंच काही. पण काहीतरी वेगळं हाती लागलंय हे ओळखून त्यांनी लगोलग खाणकामाचे हक्क नोंदवले.

पुढे नैरोबीतले एक भूवैज्ञानिक, जॉन सॉल, यांनी नमुने अमेरिकेत आपल्या वडिलांकडे पाठवले. वडील न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या मोठ्या दुकानात अधिकारी होते. त्यांनी खडे जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाकडे दिले आणि तिथे ते झोइसाइट असल्याचं पक्कं झालं.

‘बहुतांशी’ म्हणण्याचं कारण दुसऱ्या बाजूला आहे. टांझानिया सरकार या शोधाचं श्रेय जुमान्ने न्गोमा या स्थानिक माणसाला देतं. त्यांनी डिसूझांच्या काही महिने आधी, 1967 च्या सुरुवातीलाच खडे पाहिले होते असं तिथे मानलं जातं. 2018 साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी त्यांना 10 कोटी टांझानियन शिलिंग देऊन गौरवलं. मासाई या तिथल्या जमातीतल्या गुराख्यांचीही एक कहाणी सांगतात. माझं मत विचाराल तर खडा स्थानिक लोकांच्या नजरेस आधी पडला असणार, कारण ते तिथेच राहत होते. कागदावर नाव लावून बाजारापर्यंतची वाट डिसूझांनी उघडली. एकाचं श्रेय मान्य केलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही.

डिसूझांच्या वाट्याला मात्र फार काळ आला नाही. 1969 मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. 1971 मध्ये टांझानियाने त्या खाणी राष्ट्रीय मालकीच्या केल्या. गोव्यात किती जणांना हे नाव माहीत आहे, कुणास ठाऊक.

मग ‘टँझनाइट’ हे नाव कुणी दिलं?

टिफनी या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यांनी, 1968 साली. ‘ब्लू झोइसाइट’ हे नाव इंग्रजी कानाला ‘ब्लू सुइसाइड’सारखं ऐकू येतं. आत्महत्येच्या नावाची अंगठी साखरपुड्याला कोण घालणार? तेव्हा कंपनीचे हेन्री प्लॅट यांनी देशाच्या नावावरून टँझनाइट म्हणायचं ठरवलं. तो देशही तेव्हा नवाकोराच होता. टांगानिका आणि झांझिबार एकत्र येऊन टांझानिया झाला 1964 मध्ये, म्हणजे देशाचं बारसं आणि खड्याचं बारसं यांत चारच वर्षांचं अंतर.

वीज पडून डोंगर पेटला आणि तपकिरी दगड निळे झाले, ही कथा?

सांगायला छान आहे. वीज पडते, गवत पेटतं, राखेत मासाई गुराख्यांना निळे खडे चमकताना दिसतात. पण गवताची आग काही मिनिटांत विझते. खड्याचा रंग बदलायला त्याला पुष्कळ वेळ सावकाश, सगळीकडून सारखं तापावं लागतं. काही खडे नैसर्गिकरीत्या निळे सापडतात हे खरं, पण ते जमिनीखालच्या उष्णतेने.

‘मासाई लोक बाळंतिणीला टँझनाइट देतात’, ‘याची ऊर्जा हजारो वर्षांपासून ज्ञात आहे’ अशी वाक्यं दिसली की एकच गणित करा. 1967 च्या आधी हा खडा बाजारात कुणालाच माहीत नव्हता. एक बाई माझ्याकडे अंगठी घेऊन आल्या होत्या. ‘माझ्या पणजीचा टँझनाइट आहे, 1930 सालचा,’ म्हणाल्या. काउंटरवर तपासला तर जमुनिया (ॲमेथिस्ट) निघाला. चांगला होता, जपून ठेवा म्हटलं. त्या नाराज झाल्या, पण पणजीची अंगठी आहे हे महत्त्वाचं, खड्याचं नाव नव्हे.

डिसेंबरचा जन्मखडा म्हणून मात्र टँझनाइट अधिकृत यादीत आहे. 2002 साली अमेरिकेतल्या रत्नव्यापाऱ्यांच्या संघटनेने तो घातला. ती यादी मुळात 1912 सालची. ही परंपरा पाश्चात्त्य आणि बऱ्यापैकी व्यापारी आहे, आपल्याकडच्या राशीच्या खड्यांशी तिचा संबंध नाही.

शनीसाठी नीलमऐवजी टँझनाइट चालतो का?

साडेसाती सुरू झाली की हा प्रश्न येतोच. मी ज्योतिषी नाही, म्हणून शनीच्या वतीने उत्तर देत नाही. एवढंच सांगतो की नवरत्नांत हा खडा नाही आणि रत्नपरीक्षेच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत असणं शक्य नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिरे, मोती, माणिक, पाचू यांची परीक्षा दिलेली आहे. टँझनाइट तेव्हा मेरेलानीच्या काळ्या खडकात निवांत पडून होता. हल्ली काही ज्योतिषी तो उपरत्न म्हणून सुचवतात. सुचवणारा आणि घालणारा यांच्यातला तो विषय आहे.

माझा विषय नावाचा. आपल्याकडे नीलम परवडला नाही की ‘नीली’ देतात. काही जण तिलाच काकानीली म्हणतात. ती म्हणजे आयोलाइट, पूर्णपणे वेगळं खनिज, भारतात आणि श्रीलंकेतही सापडतं आणि टँझनाइटपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं. दिसायला बरीच टँझनाइटसारखी, तीही फिरवल्यावर रंग बदलते. नीली म्हणून नीलीच्या भावात घ्या, हरकत नाही. नीली टँझनाइटच्या भावात आणि टँझनाइट नीलमच्या भावात कुणी घातला तर मात्र प्रश्न श्रद्धेचा उरत नाही, फसवणुकीचा होतो.

आणखी एक. ज्योतिषी वजन रतीत सांगतात, प्रयोगशाळा कॅरटमध्ये. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम. रत्नबाजारातली रती साधारण 0.91 कॅरट धरतात, पण सोनाराची रती त्याहून लहान असते. म्हणून बिलावर कॅरटच लिहून घ्या.

तापवलेला खडा म्हणजे नकली का?

मुळीच नाही. मेरेलानीतून निघणारे बहुतेक खडे तपकिरी, मातकट असतात. 500 ते 600 अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत सावकाश तापवले की त्यांतला व्हॅनेडियम आपलं रूप बदलतो, तपकिरी छटा जाते आणि निळा रंग वर येतो. तो रंग कायमचा, उन्हाने उडत नाही. सौम्य तापमानात केलेल्या या प्रक्रियेच्या खुणाही बहुधा मागे राहत नाहीत, त्यामुळे व्यापारात टँझनाइट तापवलेलाच आहे असं गृहीत धरतात. भावात त्याने फरक पडत नाही. ‘अनहीटेड’ म्हणून कुणी निळ्या खड्याचे जास्त पैसे मागत असेल तर नामांकित प्रयोगशाळेचा कागद दाखवायला सांगा. हिरवे, गुलाबी, पिवळे असे न तापवलेले झोइसाइट असतात, ते खरंच दुर्मिळ आणि महाग. पण त्यांना टँझनाइट म्हणत नाहीत.

खरा-खोटा घरी कसा ओळखायचा?

पक्का ओळखता येत नाही. शंका मात्र काढता येते.

खडा पांढऱ्या कागदावर धरून फिरवा. दोन रंगांचा खेळ अजिबात दिसला नाही तर काच असण्याची शक्यता मोठी. काचेचा रंग सगळ्या बाजूंनी एकसारखा असतो. भिंगाखाली पोटात गोल बुडबुडे दिसले तर काचच. नीली फिरवली तर एका बाजूने फिकट पिवळी, जवळपास रंगहीन पडते. शिवाय ती वजनाला हलकी: तिची घनता 2.6 च्या आसपास, टँझनाइटची 3.35, नीलमची 4. सारख्या आकाराचे तीन खडे तळहातावर ठेवले तर सवयीच्या हाताला फरक कळतो.

अवघड जातं ते दोन गोष्टींत. एक, कृत्रिम फॉर्स्टेराइट. प्रयोगशाळेत बनवलेलं, टँझनाइटच्या रंगाचं खनिज. डोळ्याला चकवतं, त्याला उपकरणच लागतं. दुसरं, फिक्या खड्यावर खालच्या बाजूने कोबाल्टचा पातळ थर देऊन तो गडद करणं. 2008 च्या सुमारास असे खडे प्रयोगशाळांना सापडले. थर झिजला की कडेला रंग उडालेला दिसतो. म्हणून मोठी रक्कम मोजताना प्रमाणपत्र घ्याच. जयपूर आणि मुंबईत चांगल्या प्रयोगशाळा आहेत. प्रमाणपत्रावर ‘नैसर्गिक झोइसाइट, प्रकार टँझनाइट’ अशा अर्थाचे शब्द हवेत.

‘लॅब-ग्रोन टँझनाइट’ म्हणून ऑनलाइन जे विकतात, त्याकडे सावधपणे बघा. लॅबमधला हिरा हा खरोखर हिराच असतो. टँझनाइटचं तसं नाही, कृत्रिम टँझनाइट बाजारात नाही. त्या नावाखाली दुसरंच काही मिळतं.

हॉलमार्क आहे, मग खड्याची खात्री झाली ना?

हॉलमार्क सोन्याचा, खड्याचा नव्हे. तो सोन्याची शुद्धता सांगतो, आणि सोबतचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हा त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बस. बिलावर दागिन्याचं एकूण वजन आणि खडा वजा जाता सोन्याचं निव्वळ वजन वेगवेगळं लिहिलेलं बघा, नाहीतर खड्याचं वजन सोन्याच्या भावात मोजलं जातं.

भाव कशावर ठरतो?

रंगावर, रंगावर, आणि मग बाकी सगळ्यावर. गडद, भरलेला रंग महाग. फिकट लव्हेंडर स्वस्त. टँझनाइटमध्ये आकाराचा रंगाशी थेट संबंध आहे: एक-दोन कॅरटच्या खालचे खडे बहुतेक फिकट दिसतात, मोठ्यात रंग साठून येतो. त्यामुळे लहान पण गर्द खडा हवा असेल तर शोधावं लागतं.

पैलू पाडणाऱ्याची कोंडी वेगळीच. स्फटिकाची ठेवण अशी असते की वरून जांभळा दिसेल असा कापला तर वजन जास्त राहतं, निळा दिसेल असा कापला तर बराच माल वाया जातो. म्हणून शुद्ध निळ्याकडे झुकणारा खडा कॅरटमागे महाग पडतो. जयपूरच्या कारागिरांचं हे रोजचं गणित. जगातल्या टँझनाइटचा मोठा हिस्सा जयपूरला येऊन पैलूदार होतो. 2010 साली टांझानियाने एक ग्रॅमपेक्षा मोठा कच्चा माल देशाबाहेर न्यायला बंदी घातली, पैलूचं काम आपल्याच लोकांना मिळावं म्हणून. त्याचा जयपूरच्या बाजारात बराच बोलबाला झाला होता. त्यांची बाजू मला पटते, हे इथल्या व्यापाऱ्यांना आवडणार नाही.

‘एएए’, ‘एएएए’ अशा श्रेणी ऐकल्या तर हुरळून जाऊ नका. सगळ्यांना बांधील असं एकच मानक नाही, ज्याच्या त्याच्या दुकानाची ती भाषा असते.

रोज वापरायला चालेल का?

कानातलं, लोलक: खुशाल. अंगठी: विचार करून.

टँझनाइटची कठिणता साडेसहाच्या आसपास. नीलमची नऊ, हिऱ्याची दहा. आणि घरातल्या धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे गारगोटी, तिची कठिणता सात. म्हणून कोरड्या फडक्याने धूळ पुसली तरी पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडू शकतात. आधी पाण्याने धूळ घालवा, मग पुसा. शिवाय या स्फटिकाला एका दिशेने सहज चिरफळण्याची खोड आहे. ओट्याच्या कडेवर किंवा खलबत्त्यावर नेमक्या कोनातून आपटला तर एका फटक्यात दोन तुकडे. भांडी घासताना, कणीक मळताना, लोकलच्या दांडीला लटकताना अंगठी हातात नको.

अंगठी हवीच असेल तर खड्याभोवती सोन्याची पूर्ण कड असलेलं कोंदण करून घ्या. चार पंजांवर उंच उभा केलेला टँझनाइट सुंदर दिसतो, पण आपटायलाही तोच पुढे असतो.

साफ कसा करायचा?

कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश. मागच्या बाजूने घासा, मळ तिथेच साचतो. स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपा. झालं. बेसिनमध्ये करू नका, वाटीत करा. नळाखाली निसटलेली कानातली मला पुष्कळ जणांनी सांगितली आहेत.

दागिने उजळायच्या पावडरी, टूथपेस्ट, राख, रिठ्याचं गरम पाणी: सोन्याला चालतं ते इथे चालत नाही. बाथरूमच्या फरशीसाठी वापरतात त्या ॲसिडपासून तर फारच जपा. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते या खड्याचा पृष्ठभाग खातं. हिऱ्याच्या दागिन्यांबरोबर एकाच डबीत ठेवू नका. मऊ कापडाची वेगळी पिशवी करा, जुन्या रेशमी खणाची शिवलेली असली तरी उत्तम.

सोनाराकडे देताना काय सांगू?

तीन गोष्टी, आणि त्या चिठ्ठीवर लिहून द्या. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालायचा नाही. वाफेने साफ करायचा नाही. झाळ लावायची असेल तर खडा आधी काढायचा.

हे मी अनुभवाने सांगतो. बहिणीच्या अंगठीचा पंजा सैल झाला म्हणून एका दुकानात दिली. दुरुस्ती फुकट, वर ‘पॉलिश करून देतो ताई’ म्हणून मशीनमध्ये टाकली. परत आली तेव्हा खड्यात आडवी चीर. दुकानदार म्हणाला आधीपासूनच होती. आमच्याकडे आधीचा फोटो नव्हता. तेव्हापासून मी दागिना देण्याआधी दिवसाच्या उजेडात फोनवर फोटो काढायला सांगतो, जवळून, दोन कोनांतून. अचानक गरम-थंड झालं की हा खडा तडकतो. हिऱ्याच्या सवयीचा कारागीर ते सहज विसरतो, यात त्याचा दुष्टपणा नसतो.

‘काही वर्षांत खाणी संपणार, आत्ताच घ्या’, हे खरं का?

मी या धंद्यात आल्यापासून हे ऐकतोय आणि टँझनाइट अजून येतोच आहे. एकाच जागेतून येणारा खडा कधीतरी संपणार हे उघड आहे, खाणीही शेकडो मीटर खोल गेल्या आहेत. पण तारखेसकट जे सांगतात त्यांना माल विकायचा असतो.

गुंतवणूक म्हणून घेऊ नका. सोनं मोडायला गेलात तर सोन्याचा भाव मिळतो. रंगीत खड्याला सराफ बहुतेक वेळा काहीच देत नाही, किंवा हातात परत ठेवतो.

2020 मध्ये एका खाणकामगाराला सापडलेल्या प्रचंड खड्यांचं काय झालं?

सानिनिउ लाइझर, मासाई समाजातले छोटे खाणमालक. जून 2020 मध्ये त्यांना दोन कच्चे खडे मिळाले, एक 9.27 किलोचा, दुसरा 5.1 किलोचा. सरकारने ते 7.74 अब्ज टांझानियन शिलिंगला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे 34 लाख डॉलरना विकत घेतले. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. दोन महिन्यांनी त्यांना तिसरा, 6.3 किलोचा मिळाला. गावात शाळा बांधणार, असं त्यांनी सांगितलं होतं.

किलोचा आकडा वाचून लगेच कॅरटचा भाव लावू नका. कच्च्या खड्यातला मोठा भाग अपारदर्शक किंवा तडकलेला असतो.

हा खडा नैतिकदृष्ट्या ‘स्वच्छ’ आहे का?

हा प्रश्न परदेशात राहणारी मराठी मुलं जास्त विचारतात. विचारायलाच हवा.

2001 च्या नोव्हेंबरमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने या व्यापाराचा अल-कायदाशी संबंध असल्याचं छापलं आणि टिफनीने विक्री थांबवली. पुढे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चालू संबंधाचा पुरावा नसल्याचं म्हटलं. 2002 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टक्सनच्या रत्नमेळ्यात माल कुठून आला हे नोंदवण्याचे नियम ठरले. तो डाग त्यानंतर बऱ्यापैकी धुतला गेला.

खाणीतल्या माणसांचा हिशेब जास्त जड आहे. 1998 आणि 2008 मध्ये पावसाचं पाणी बोगद्यांत शिरून डझनावारी कामगार बुडाले. अरुंद भगदाडांत उतरण्यासाठी लहान मुलांना वापरायचे, त्यांना तिथे ‘साप’ म्हणत. 2018 मध्ये मागुफुली सरकारने खाणीभोवती सुमारे 24 किलोमीटरची भिंत बांधली. उद्देश मुख्यतः तस्करी थांबवण्याचा होता, पण ये-जा एकाच दरवाज्यातून होऊ लागल्याने कोण आत जातं हेही दिसू लागलं. विकणाऱ्याला माल कुणाकडून आला हे विचारा. उत्तर देता आलं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

कोपरा उडाला. खडा फुकट गेला का?

बहुतेक वेळा नाही. लहान टवका असेल तर पुन्हा पैलू पाडून घेता येतो, वजन मात्र घटतं आणि जुन्या कोंदणात तो बसेलच असं नाही. चीर पोटापर्यंत गेली असेल तर चाकावर धरताच दुभंगण्याचा धोका असतो, तेव्हा कारागीर नाही म्हणाला तर त्याचं ऐका. देताना खड्याचं वजन तुमच्यासमोर करून पावतीवर लिहून घ्या, आणि उडालेला तुकडा सापडला असेल तर तोही कागदाच्या पुडीत बांधून सोबत आणा. चीर कोणत्या दिशेने गेली ते त्यावरून कारागिराला कळतं.